कुजक्या वांग्यातील विषाणू

विषाणू म्हटला की आपल्या घरांतून अजूनही दचकावयास होते. परंतु माणसाच्या वाटेस न जाता केवळ जीवाणूंवर जगणारे विषाणूही असतात. इंदरगंजातील एखाद्या कुंडीची चिमूटभर मातीही त्यांच्या शोधास पुरे.

त्यांची चाहूल लागली ती आपल्या शेजारीच. १८९६ साली आग्र्याचे सरकारी रसायन-परीक्षक अर्नेस्ट हँकिन यांनी नमूद केले की, गंगा-यमुनेचे पाणी पटकीचे जंतू मारते. उकळल्यावर मात्र तो गुण नाहीसा होतो. त्या पाण्यात हेच विषाणू होते काय, याविषयी विद्वानांत दुमत आहे. ‘बॅक्टेरिओफेज’ हे नाव १९१७ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फेलिक्स देरेल यांनी दिले.

२००८ पासून अमेरिकेत पिट्सबर्गचे प्राध्यापक ग्रॅहम हॅटफुल व हॉवर्ड ह्यूज संस्था यांच्या पुढाकाराने महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाची मुले हे फेज शोधीत आहेत. माती द्रवात ढवळून अशा सूक्ष्म गाळणीतून गाळतात की जीवाणू मागे राहावेत आणि विषाणू पार व्हावेत. तो द्रव क्षयजंतूच्या भावकीतील एका निरुपद्रवी जीवाणूत मिसळून अगारावर ओततात. एकदोन दिवसांत जीवाणूंची दुधी साय धरते. ती जेथे विरून स्वच्छ ठिपका पडतो, तेथे विषाणू! एकच वंश हाती येईपर्यंत त्या ठिपक्यावर तोच खटाटोप पुनःपुन्हा करावा लागतो. नाव ठेवण्याचा मान शोधणाऱ्याचा.

२०१० साली दक्षिण आफ्रिकेत डर्बन येथील एका विद्यार्थिनीने कुजक्या वांग्याखालचा लगदा उचलला (भरीतप्रेमींनी नाक मुरडू नये!) आणि त्यातील फेजला ‘मडी’ म्हटले. २०१८ साली लंडनमध्ये, फुप्फुसे बदललेल्या एका पंधरा वर्षांच्या मुलीचा जंतुसंसर्ग औषधांना दाद देईना, तेव्हा मडीसह तीन फेज तिला शिरेवाटे देण्यात आले. इतर दोघांच्या जनुकांत फेरफार करावा लागला होता. मडी जसा सापडला तसाच कामी आला. मुलीच्या जखमा भरत आल्या. संसर्ग मात्र समूळ गेला नाही. प्रत्येक फेजचे भक्ष्य ठरलेले असते, त्यामुळे एका रोग्याचा उपाय दुसऱ्यास लागू पडेलच असे नाही.

आमच्या प्रयोगवह्यांत उत्तर आधीच छापलेले असते. मुले ते सुवाच्य अक्षरांत उतरवतात आणि आम्ही गुण देतो. डर्बनच्या त्या मुलीपुढे छापील उत्तर नव्हते. जीवाणू वाढविण्याचे काम शाळेच्या बाकावर नको, त्यास निर्जंतुक प्रयोगशाळा व जाणता शिक्षक हवा, हे आम्हांस मान्य आहे. पण महाविद्यालयांनी आमच्या बारावीच्या मुलांना आठवड्यातून एक दुपार आपल्या प्रयोगशाळेत बसू द्यावयास काय हरकत आहे? माती मुले घरूनच आणतील.