शंभरात चार

माझ्या मावसबहिणीची फाईल जाडजूड होती. सहा वर्षांची. पाळीच्या तारखा, महिन्या-महिन्याच्या सोनोग्राफ्या, ट्यूब टेस्ट, दुर्बिणीचं ऑपरेशन, मधे एकदा क्युरेटिंग. त्यात तिच्या नवऱ्याचा कागद एकच, तोही सहाव्या वर्षातला. सुई नाही, भूल नाही, तासा-दीड तासात होणारी तपासणी, आणि ती सगळ्यात शेवटी! हे काही केल्या मनातून जाईना. म्हणून ओळखीतून परवानगी काढली आणि मिरजेतल्या एका लॅबमध्ये दोन दिवस जाऊन बसले.

मिरज हे दवाखान्यांचं गाव. अथणी-कागवाडकडूनही माणसं इथं येतात. या लॅबमध्ये वीर्य तपासणीचं काम एकच बाई बघतात, सगळे त्यांना ताई म्हणतात. पुरुषांना त्यांच्यासमोर बोलताना संकोच वाटतो का, असं विचारलं तर म्हणाल्या, "पहिली दोन मिनिटं. मग तेच विचारत बसतात."

पहिल्याच सकाळी एक तरुण बाई जिना चढून आली. डिसेंबरची थंडी होती. तिने स्वेटरच्या आत, काखेत काहीतरी घट्ट धरलं होतं. रुंद तोंडाची प्लास्टिकची डबी. नमुना घरून आणायचा तर गार पडू द्यायचा नाही आणि तासाच्या आत पोचवायचा, हे तिला सांगितलेलं होतं. ती जवळजवळ पळत आली असावी.

"मालक कुठायत?"

"खाली थांबल्यात."

ताईंनी डबीवर वेळ लिहिली आणि विचारायला लागल्या. किती दिवसांचं अंतर ठेवलं होतं? दोन ते सात दिवस हवं. थोडं सांडलं का? सुरुवातीच्या भागातच शुक्राणू जास्त असतात, तो गेला तर आकडा फसवा येतो. गेल्या तीन महिन्यांत ताप, टायफॉइड काही? बाई नुसती बघत राहिली. तिला यातलं एकही उत्तर ठाऊक नव्हतं.

"त्यांनाच वर पाठवा," ताई म्हणाल्या. ती खाली गेली.

डबी सदतीस अंशांच्या पेटीत गेली. आलेलं वीर्य घट्ट, चिकट असतं, अर्ध्या तासात ते आपोआप पातळ होतं. मग वजनावरून मिलिलिटर काढायचे, पीएच बघायचा. झाकण उघडलं की ओल्या ब्लीचिंग पावडरीच्या जवळ जाणारा एक वास खोलीत येतो. तो स्पर्मिन नावाच्या द्रव्याचा असतो.

तोवर ताईंनी मला दुसऱ्या एका नमुन्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. काचेच्या दोन तुकड्यांमध्ये मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी फट, खाली बारीक चौकटींची जाळी. दहा चौकटींतले शुक्राणू मोजले की तितके दशलक्ष एका मिलिलिटरमागे. 1677 मध्ये डच संशोधक लेव्हेनहूकने पहिल्यांदा हे बघितलं, तेव्हा त्याला काय वाटलं असेल, याची थोडी कल्पना आली. काही सरळ सुटलेले, काही जागीच गोल फिरणारे, काही नुसती शेपूट हलवणारे, काही निश्चल. ताईंच्या हातातलं मोजणीचं यंत्र टिक-टिक करत होतं. घरी जाऊनही तो आवाज कानातून गेला नाही.

रंग देऊन वाळवलेल्या काचेवर ताई आकार बघतात. डोकं अंडाकृती हवं, मान सरळ, शेपूट एकच. कितीतरी दोन डोक्यांचे, वाकड्या मानेचे निघतात. "शंभरात चार बरे निघाले तरी पुरे," त्या म्हणाल्या. मला ऐकण्यात चूक झाली असं वाटलं. शंभरात चार?

"शंभरात चार. लोक चार टक्के वाचतात आणि नापास झालो म्हणून घरी जाऊन झोपतात."

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021च्या पुस्तिकेतही तेच आहे. एका मिलिलिटरला एक कोटी साठ लाख, पुढे सरकणारे तीस टक्के, योग्य आकाराचे चार टक्के. ज्यांना वर्षभराच्या आत दिवस राहिले अशा जोडप्यांतल्या पुरुषांना मोजून ही रेघ आखली आहे, आणि त्या बापांपैकीही शंभरात पाच प्रत्येक रेघेच्या खालीच होते. म्हणजे रेघेखाली गेलेला प्रत्येक माणूस बाप होणार नाही असं नाही, आणि रेघेवरच्यालाही खात्रीची चिठ्ठी मिळत नाही.

एका कागदावर निकाल लावायचा नसतो, हे ताई प्रत्येकाला सांगतात. शुक्राणू तयार व्हायलाच सुमारे चौऱ्याहत्तर दिवस लागतात. आज काचेवर दिसतं ते अडीच-तीन महिन्यांपूर्वीच्या शरीराचं. मधे जोराचा ताप येऊन गेला असेल तर आकडा खाली येतो आणि पुढे सावरतोही. दुपारी व्यायामशाळेत जाणारा एक मुलगा आला. दंड फुगवण्यासाठी तो टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेत होता. बाहेरून ते मिळालं की शरीर आतलं काम थांबवतं, हे त्याला इंजेक्शन देणाऱ्यानं सांगितलं नव्हतं. त्याच्या थेंबात एकही शुक्राणू नव्हता. ताईंनी त्याला थेट डॉक्टरांकडे धाडलं. बंद केल्यावर बहुतेकांचं काम पुन्हा सुरू होतं, महिने लागतात. कुणाच्या वृषणाभोवती शिरा फुगलेल्या असतात, आणि तेही डॉक्टरच्या हाताला तपासताना कळतं. पण त्यासाठी माणूस आधी तिथवर आला पाहिजे.

मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत कारण पुरुषाकडेही असतं. तरी नवस बोलायला बाई, उपास धरायला बाई, "काही गोड बातमी?" हे ऐकून घ्यायलाही बाईच. आपल्या भाषेत 'वांझ' हा शब्द तिच्याच अंगावर टाकलेला आहे. मला त्या शब्दाचा राग आहे, आणि डबी काखेत धरून जिना चढावा लागण्याचाही.

त्या सकाळी, डबी आणणारी बाई खाली गेल्यावर पंचवीस मिनिटांनी तिचा नवरा तिच्यासोबत वर आला. हातात हेल्मेट, नजर फरशीवर. ताईंनी खुर्ची पुढे सरकवली आणि पुन्हा तेच प्रश्न विचारले. चार दिवस. नाही, सांडलं नाही. ताप, हो, दिवाळीत डेंगी झाला होता, आठ दिवस ॲडमिट.

बाई चटकन त्याच्याकडे वळली. ताईंनी 'डेंगी' असं लिहून खाली रेघ ओढली.

"किती वेळ लागंल?" त्यानं विचारलं.

"तासभर."

तो बसला. हेल्मेट मांडीवर ठेवलं आणि तिच्या हातातली फाईल स्वतःकडे घेतली.