सौर पॅनेल आणि जुने जनित्र

नागपूर-भंडारा महामार्गावरील मौदा या तालुक्याच्या गावी एनटीपीसीचे औष्णिक विद्युत केंद्र आहे. चार संच मिळून त्याची क्षमता २,३२० मेगावॅट. अशा केंद्राच्या पंचक्रोशीतील कारखानदारांना डिझेलची जनित्रे बाळगावी लागावीत, हे वरकरणी विपरीत वाटते. परंतु येथे निर्माण होणारी वीज उच्च दाबाच्या वाहिन्यांवरून पश्चिम भारताच्या जाळ्यात जाते आणि लहान कारखान्याच्या दारी येते ती महावितरणच्या ११ वा ३३ किलोव्होल्टच्या तारांनी. मृगाच्या वादळात बाभळीची फांदी त्या तारांवर पडली, की केंद्राची धुराडी समोर दिसत असूनही यंत्रे थांबतात.

अशा कारखानदारांना आता सांगितले जाते की, छपरावर सौर पॅनेल बसवा आणि डिझेलला रजा द्या. सल्ल्यामागील हेतू उत्तमच आहे. एका लिटर डिझेलपासून जेमतेम तीन-साडेतीन युनिट वीज मिळते. लिटरमागे नव्वद रुपये धरले तरी युनिटला २५ ते ३० रुपये केवळ इंधनाचे होतात. त्या मानाने छपरावरची वीज फारच स्वस्त. तथापि या सल्ल्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झालेली आहे. सौर वीज महिन्याचे बिल उतरवते. वीज गेल्यावर यंत्र चालू ठेवणे हे निराळे काम आहे, आणि ते ती एकटीने करू शकत नाही.

याचे कारण साधे आहे. जाळ्याला जोडलेल्या सौर यंत्रणेतील इन्व्हर्टर जाळ्यातील विजेशी ताल धरून चालतो. जाळ्यातील वीज गेली की तो तत्काळ बंद पडतो, आणि तो तसा बंद पडलाच पाहिजे. एरवी तार दुरुस्त करण्यासाठी खांबावर चढलेल्या वायरमनला खालच्या छपरांवरून आलेली वीज गाठेल. म्हणजे भर दुपारी, डोक्यावर ऊन तळपत असताना, लाखो रुपयांची पॅनेले असलेला कारखाना अंधारात बसतो आणि जुने जनित्रच धावून येते. जनित्र सुरू असताना नियंत्रकाच्या साहाय्याने पॅनेले त्याच्याशी जोडून डिझेल वाचवता येते. पण जनित्र सुमारे ३० टक्क्यांहून कमी भारावर फार काळ चालवू नये, असा दंडक आहे. रात्रपाळीला तर तेवढीही मदत नाही. (नागपूरच्या उन्हाविषयीही एक गोड गैरसमज आहे. पॅनेल तापले की त्याची शक्ती दर अंशामागे सुमारे ०.४ टक्क्याने घटते. मे महिन्याचा दाह त्याला मानवत नाही.)

२००६ साली पुण्यातील उद्योगांनी स्वतःची जनित्रे चालवून शहराला भारनियमनातून सोडवले आणि त्याचा जादा खर्च ग्राहकांकडून वसूल झाला, ती व्यवस्था ‘पुणे मॉडेल’ म्हणून गाजली. तेव्हा प्रश्न विजेच्या तुटवड्याचा होता. तारेवर पडलेल्या फांदीचा प्रश्न वेगळा आहे. राज्यात आणखी हजार मेगावॅट सौर वीज आली तरी तो सुटणार नाही. त्यासाठी फांद्या वेळेवर छाटणे, जीर्ण इन्सुलेटर बदलणे, गर्दीच्या जागी भूमिगत केबल घालणे अशी कामे लागतात. त्यांचे उद्घाटन करायला कोणी येत नाही. मोठा उद्योग स्वतंत्र वाहिनी ओढून घेऊ शकतो. प्लॅस्टिकच्या लहान कारखान्यात मात्र वीज गेली की यंत्राच्या पोटातला माल थिजतो, तो काढून यंत्र पुन्हा तापवण्यात तासन्‌तास जातात, आणि नगावर मजुरी घेणाऱ्याचा दिवस बुडतो.

म्हणून पॅनेल विकत घेण्यापूर्वी कारखानदाराने आपल्या वाहिनीवर वर्षभरात वीज किती वेळा आणि किती वेळ गेली, याची नोंद पाहावी. खंड मिनिटांचे असतील तर बॅटरीची जोड देऊन जनित्राला बहुतांशी विश्रांती देता येईल. ते तासांचे असतील, तर जनित्र आणखी काही वर्षे राहणार हे गृहीत धरून पॅनेलांचा हिशेब निव्वळ बिलातील बचतीवर मांडावा, आणि त्या नोंदीचा कागद घेऊन महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात जावे.