चवदार तळे म्हणजे दोन गुणांची टीप नव्हे

रविवारी वंदना झाल्यावर आमच्या विहारात हायस्कूलच्या मुलांचा अभ्यास घेतला जातो. परवा विचारले, महाडचा सत्याग्रह कधी झाला? सगळी एका सुरात म्हणाली, २० मार्च १९२७. मग तळ्यावरचा आपला हक्क कोर्टात कधी कायम झाला? वर्ग गप्प.

मुलांचा दोष नाही. शाळेत इतिहास फळ्यावरून उतरवून घ्यायचा, गाईडमधून पाठ करायचा आणि पेपर संपला की विसरायचा, अशीच रीत पडली आहे.

पालकहो, या एका तळ्यावर महिनाभर शिकवता येईल. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ साली मंजूर झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही तळे खुले केले. कागद तयार होता. तरी ओंजळभर पाण्यासाठी बाबासाहेबांना हजारो माणसे घेऊन जावे लागले आणि आपल्या लोकांनी लाठ्या खाल्ल्या. का? या एका 'का'मध्ये नागरिकशास्त्राचे अर्धे पुस्तक आहे!

पुढे त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने ठराव मागे घेतला. डिसेंबरात स्पृश्यांनी दिवाणी दावा दाखल केला. अस्पृश्यांनी इथे पाणी भरायचे नाही ही रूढी पूर्वापार आहे, असे त्यांचे म्हणणे. दावा जवळजवळ दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने निकाल दिला, की अशी रूढी अनादी काळापासून असल्याचे सिद्ध झालेले नाही. बाबासाहेब जिंकले.

पूर्वापार म्हणता, तर पुरावा काय? इतिहासाच्या तासाला मुलांनी हेच विचारायला शिकले पाहिजे. असे पोर गुरुजींना थोडे जड जाईल. घरात आपल्यालाही जाईल.

आम्ही मुलांना घरच्या वडीलधाऱ्यांकडून गावच्या पाणवठ्याची हकिकत लिहून आणायला सांगितले. एका मुलीच्या आजीने सांगितले, ७२ च्या दुष्काळात आपली विहीर आटली, तेव्हा गावच्या विहिरीवर कोणीतरी वरून पाणी ओतेपर्यंत हंडा घेऊन उभे राहावे लागे. थोरले चुलते म्हणतात, ७२ नव्हे, ७३. मुलीने विचारले, वहीत कोणते साल लिहू? म्हटले, दोन्ही लिही, आणि कोणी सांगितले तेही लिही. आता ती गावाकडच्या आत्याला विचारणार आहे.