वेळ सापडत नाही, ठरवावी लागते

शिरगावच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांजवळ संध्याकाळी फिरणारे बरेच दिसतात; त्यांत नोकरदार मात्र थोडे. पालघरला जाऊन लोकल गाठायची किंवा बोईसर-तारापूरच्या कारखान्यात पाळी करायची, घरी येईतो अंधार. व्यायामाचे विचारले की उत्तर ठरलेले, ‘वेळ कुठे आहे?’ २०१३ मध्ये लोकल डहाणूपर्यंत आली, मुंबईची नोकरी जवळ आली. दिवस चोवीस तासांचाच राहिला.

हाच माणूस रमजानमध्ये भल्या पहाटे सहेरीला उठतो. फजरची नमाज, नोकरी, इफ्तार, रात्री तरावीह, महिनाभर सगळे बसते. वेळ वाढलेली नसते. काही गोष्टींची वेळ आधीच ठरलेली असते आणि बाकीची कामे तिच्याभोवती जुळवली जातात. श्रावण, नवरात्र पाळणाऱ्या घरांना हे वेगळे सांगायला नको.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे पाच दिवस, रोज अर्धा तास झपझप चालणे. तो अर्धा तास सलगच हवा असेही नाही. दहा-दहा मिनिटांचे तुकडेही मोजले जातात.

रोज्यात व्यायाम पूर्ण बंद करण्याची गरज नसते. इफ्तारपूर्वी संथ चालणे बहुतेकांना झेपते. घाम काढणारा व्यायाम इफ्तारनंतर तासा-दोन तासांनी, पाणी पोटात गेल्यावर करावा. भर दुपारी उन्हात धावणे टाळावेच. तरावीहमध्ये कुठे आठ, कुठे वीस रकात होतात. उभे राहणे, वाकणे, बसणे ही हालचालही हिशेबात धरावी. मधुमेहींनी मात्र रमजानपूर्वीच डॉक्टरांशी बोलावे. साखर ७० च्या खाली गेली तर रोजा सोडावा, असे वैद्यकीय मार्गदर्शन आहे. बोटातून रक्त काढून साखर तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमांचे मत आहे. आजारी माणसाला कुराणानेच सवलत दिली आहे. ती नाकारण्यात पुण्य नाही.

एक प्रश्न घरातलाही आहे. असर ते मगरिब हा फिरण्याचा उत्तम वेळ, पण त्याच वेळी अम्मी, बहीण, बायको चुलीपाशी भजी तळत असतात. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२२ साली भारतातल्या ५७ टक्के स्त्रिया पुरेशी हालचाल करत नव्हत्या; पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के होते. घरकाम सोपे म्हणून हा फरक पडत नाही. तिच्या वाट्याला स्वतःचा अर्धा तास येत नाही. फळे कापणे, सरबत करणे, दस्तरखान मांडणे एवढे मुलग्यांनी आणि अब्बांनी उचलले, तर तिलाही किनाऱ्यापर्यंत जाऊन येता येईल. तळण कमी झाले तर सगळ्यांचेच भले.

काम थोडे असले तरी ते नेमाने केलेले अल्लाहला अधिक प्रिय, ही पैगंबरांची शिकवण आहे. ईदच्या दुसऱ्या दिवशी सहेरी नसते, पण महिनाभराच्या सवयीने डोळे पहाटेच उघडतात. त्या वेळी पुन्हा पांघरूण ओढून घ्यायचे की चपला घालून बाहेर पडायचे, हे रमजान संपण्याआधीच ठरवून ठेवलेले बरे.