चालती पेढी सोडणारा शास्त्रज्ञ

हृदयाचा प्रत्येक ठोका पोटॅशियम आणि सोडियम यांच्या देवघेवीवर चालतो. पेशीच्या आत पोटॅशियम अधिक, बाहेर सोडियम अधिक. दोहोंमधील स्निग्ध पटलात प्रथिनांची सूक्ष्म द्वारे असतात. त्यांतून हे विद्युतभारित कण, म्हणजेच आयन, ये-जा करतात. मज्जातंतूंचे संदेश आणि स्नायूंचे आकुंचन त्यातूनच घडते. हॉजकिन आणि हक्सली या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९५२ साली या प्रवाहांचे गणित मांडले. द्वार कसे असते, हे मात्र कोणी पाहिले नव्हते.

कोडे विलक्षण होते. सोडियमचा कण पोटॅशियमपेक्षा लहान. तरीही पोटॅशियमचे द्वार त्याला अडवते. दहा हजार पोटॅशियममागे सोडियमचा जेमतेम एक कण निसटतो, आणि तेही सेकंदाला कोट्यवधी कणांची वाहतूक चालू असताना. चाळणीतून गहू खाली पडावेत आणि मोहरी मात्र वर अडून राहावी, असा हा प्रकार!

अमेरिकेतील रॉडरिक मॅकिनन यांना या कोड्याने ओढून घेतले. १९५६ साली मॅसॅच्युसेट्स राज्यात जन्मलेले मॅकिनन शिक्षणाने डॉक्टर. रुग्णालयातील प्रशिक्षण पूर्ण करून ते वयाच्या तिशीत ब्रँडाइस विद्यापीठातील आपले जुने गुरू क्रिस्तोफर मिलर यांच्या प्रयोगशाळेत परतले. पुढे हार्वर्डमध्ये त्यांचा जम बसला. विंचवाच्या विषातील एक प्रथिन पोटॅशियमच्या द्वाराशी बुचासारखे बसते. त्याच्या साहाय्याने त्यांनी द्वाराच्या मुखाचा अदमास घेतला आणि ते चार घटकांचे बनलेले असते, हे १९९१ मध्ये दाखवले.

परंतु अंधारात हात फिरवून घेतलेल्या अंदाजाने त्यांचे समाधान होईना. द्वार प्रत्यक्ष पाहायचे, तर त्या प्रथिनाचे स्फटिक करून त्यांवर क्ष-किरण सोडणे आवश्यक होते. हे शास्त्र मॅकिनन यांना अवगत नव्हते; शिवाय स्निग्ध पटलात राहणाऱ्या प्रथिनाचे स्फटिक बनवणे जवळजवळ अशक्य मानले जाई. तरीही वयाच्या चाळिशीत ते हे शास्त्र शिकले आणि १९९६ मध्ये हार्वर्ड सोडून न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात दाखल झाले. चालती पेढी, बांधलेले गिऱ्हाईक आणि बाजारातील पत मागे ठेवून अनोळखी मालाच्या व्यापारात उतरणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. अनेक सहकाऱ्यांना हा अविचार वाटला. पत्नी ॲलिस स्वतः रसायनशास्त्रज्ञ. त्याही याच प्रयोगशाळेत कामाला लागल्या.

मातीतील एका जिवाणूचे प्रथिन निवडले गेले. एप्रिल १९९८ मध्ये द्वाराचे चित्र प्रसिद्ध झाले, आणि कोड्याचे उत्तर एखाद्या चोख व्यवहारासारखे निघाले. पाण्यात असताना प्रत्येक आयनाभोवती पाण्याच्या रेणूंचे वेष्टन असते. अरुंद द्वारात शिरताना ते उतरवावे लागते. द्वाराच्या भिंतीवरील ऑक्सिजनचे अणू अशा अंतरावर उभे असतात, की पोटॅशियमला पाण्याचा आधार सुटताच तितकाच आधार तेथे मिळतो. त्याचे काहीच नुकसान होत नाही. सोडियम लहान, त्याच्यापर्यंत हे अणू नीट पोहोचत नाहीत, म्हणून वेष्टन उतरवणे त्याला तोट्याचा सौदा ठरतो. तो बाहेरच थांबतो.

२००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मॅकिनन यांना पीटर ॲग्रे यांच्यासमवेत मिळाले. ॲग्रे यांनी पेशीतील पाण्याचे मार्ग शोधले होते.

या शास्त्राचा पाया समुद्रातील स्क्विड, फळमाशी अशा जीवांवरील प्रयोगांतून रचला गेला. अहिंसेचे व्रत मानणाऱ्या वाचकाला ही गोष्ट बोचणारच, आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मात्र याच संशोधनातून आणखी एक गोष्ट उघड झाली. ज्यांना आपली परंपरा सूक्ष्म जीवांत गणते त्या जिवाणूंपासून मनुष्यापर्यंत पोटॅशियमच्या द्वारातील ही गाळणी जवळजवळ एकाच घडणीची आहे.

या ज्ञानाचा उपयोग औषधाच्या प्रत्येक नव्या गोळीला होतो. टर्फेनाडिन हे ॲलर्जीवरील लोकप्रिय औषध काही रुग्णांमध्ये हृदयातील पोटॅशियमचे द्वार रोखून ठोक्यांची लय बिघडवत असे. १९९० च्या दशकात ते अमेरिकेच्या बाजारातून गेले. आता नवे औषध माणसाला देण्यापूर्वी ते हे द्वार बंद करते का, याची तपासणी होते.