कारेग गोखचे भग्नावशेष

२० नोव्हेंबर १९४४ च्या रात्री, स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन येथील तळावरून दिशादर्शनाच्या सरावासाठी निघालेले वेलिंग्टन एमएफ ५०९ हे बॉम्बफेकी विमान, इंजिनात बिघाड होऊन उंची गमावीत, दक्षिण वेल्समधील कारेग गोख या पर्वतावर आदळले आणि त्यातील सहाही कॅनेडियन तरुण मृत्युमुखी पडले. अभियंता बार्न्स वॉलिस यांनी योजिलेल्या जाळीदार सांगाड्याचे वाकलेले तुकडे आजही त्या उतारावर विखुरलेले असून, शेजारी त्या सहा जणांचे स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बफेकी विभागाच्या, म्हणजे बॉम्बर कमांडच्या, ५५ हजारांहून अधिक मृतांपैकी सुमारे ८ हजार जण मोहिमेवर नव्हे, तर सरावात व अपघातांत कामी आले. विजयाच्या दफ्तरात त्यांची नोंद शत्रूच्या तोफांपुढे पडलेल्यांच्या बरोबरीनेच व्हावयास हवी, असे माझे दृढ मत आहे.