तालुक्याच्या गावाला सावलीची बाग हवी

रक्तदाब आणि साखर तपासून झाली की डॉक्टर सांगतात, रोज चाला. पण लातूर जिल्ह्यातल्या देवणीसारख्या तालुक्याच्या गावात चालायचं कुठे? पहाटे उदगीर रस्त्याच्या कडेनं, वाहनांपासून अंग चोरत? काही माणसं तेही करतात. गुडघे दुखणारी आजी आणि लहान लेकरं मात्र घरातच राहतात. म्हणून बाग ही गावाची शोभा नाही, दवाखान्याइतकीच गरज आहे.

मुंबईला हे प्लेगनं शिकवलं. 1896 साली साथ आली आणि दाटीवाटीच्या, कोंदट वस्त्यांत माणसं पटापट दगावली. 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यानं दादर-माटुंग्याच्या वसाहती आखताना उजेड आणि वारा यांना जागा ठेवली. तिथली फाइव्ह गार्डन्स ही त्याच आखणीतली. 1925 मध्ये खुल्या झालेल्या शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती आजही सकाळ-संध्याकाळ माणसं चालतात, बसतात, बोलतात.

प्रौढ माणसानं आठवड्यात किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. झपझप चालणं त्यातच मोडतं. झाडांचा गुण मनालाही लागतो. संशोधक रॉजर उलरिक यांनी अमेरिकेतल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत, ते समोर नुसती भिंत असलेल्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनाशामकंही कमी लागली. हा अभ्यास 1984 मध्ये प्रसिद्ध झाला. शिवाय बागेत रोज भेटणारा माणूस दोन दिवस दिसला नाही, तर कुणीतरी त्याच्या घरी चौकशीला जातं. एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या माणसाला याचा फार आधार असतो.

मात्र मराठवाड्याची बाग मराठवाड्याच्या उन्हाला साजेशी हवी. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. अशा मुलखात हिरवळीच्या गालिचावर पाणी ओतणं परवडणारं नाही. कडुनिंब, वड, पिंपळ, करंज, चिंच ही झाडं पहिली काही वर्षं जपली, की पुढे आपल्या बळावर तगतात. दाट सावली ऊन अडवते, पानांतून बाहेर पडणारी वाफ हवा गार करते. त्याखाली मातीची पायवाट, बसायला कट्टे, पिण्याचं पाणी, दिवे आणि स्वच्छतागृह एवढं असलं, तरी बायका-मुलं निर्धास्त येतील.

जागेची सोय नियमातच आहे. राज्याच्या 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार 0.4 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या ले-आऊटमध्ये साधारणपणे 10 टक्के ओपन स्पेस सोडावी लागते. गाव वाढतंय, शेतांचे प्लॉट पडतायत. ही जागा आज राखली तर बाग होईल. एकदा तिच्यावर बांधकाम झालं की ती परत मिळवणं महाकठीण. तेव्हा प्लॉट घेताना मंजूर नकाशा मागा, त्यातली ओपन स्पेस जागेवर जाऊन पाहा, आणि या पावसाळ्यात तिथं झाडं लावायची मागणी नगरपंचायतीकडे लेखी करा.